मोहाखालचा जाळ

"जाळ इझवला होता न बे तू?"

दसरूनं नाल्यात पाय घालता घालता विचारलं. सूर्य अजून वर आला नव्हता. नानाजी मास्तर छत्री टेकवत टेकवत पलीकडच्या काठाला लागले होते. आम्ही दोघं मागं. चामोर्शीला निघालो होतो, चौथीच्या परीक्षेला. आमच्या बोरहेटीच्या शाळेत चौथीत आम्ही दोघंच होतो.

मी मागं वळून पाहिलं. टेकडीच्या अंगाला धुराची एक रेघ उभी होती. बारीकच. मोहाच्या दिवसांत असा धूर रोज कुठं ना कुठं दिसतो.

"इझवला न," मी म्हटलं. "काऊन?"

"काई नाई. आपल्या झाडाकडूनच दिसून राह्यला म्हनून."

"दुसऱ्या कोनाचा असन."

"असन," दसरू म्हणाला.

"अरे, पाय उचला! डिप्टी साहेब काय तुमच्यासाठी हजेरी थांबवून धरणार आहेत?" मास्तर काठावरून ओरडले.

आम्ही पळालो. मी दसरूच्या पुढं पळालो, म्हणजे त्याला माझं तोंड दिसू नये.

मी जाळ विझवला नव्हता.

आमच्याकडे मोहाचं झाड ज्याचं त्याचं असतं. झाड जंगलात उभं असो, जमीन सरकारची असो, पण हे झाड अमक्याचं आणि ते तमक्याचं, हे सगळ्या गावाला ठाऊक. कागद नाही, खूण नाही. आमचं झाड आदल्या साली वीज पडून गेलं. तेव्हा टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या गोंडवस्तीतल्या जंगूनं, दसरूच्या बापानं, आपल्या तीन झाडांतलं एक माझ्या बापाला त्या हंगामापुरतं दिलं. वेचायचं आम्ही. निम्मी फुलं त्यांची, निम्मी आमची. तरी झाड जंगूचंच. कोणत्याही शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं जंगूचंच सांगितलं असतं.

फुलं पहाटेपासून गळायला लागतात. खाली पाला असला की एकेक हुडकत बसावं लागतं, आणि तोवर ढोरं येतात, डुकरं येतात, एखाद्या दिवशी अस्वलही येतं. म्हणून झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात. त्याची रीत आहे. आधी भोवताली दोन हात रुंद पट्टा झाडून घ्यायचा. मग आत जाळ लावायचा. हिरवी फांदी हातात घेऊन उभं राहायचं आणि राख काळी पडेपर्यंत जागचं हलायचं नाही.

होळीच्या आधी बापानं एकदा जाळलं होतं. पण मोह पाला टाकतच राहतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाप गाडी घेऊन मूलला गेला होता. माय महिन्याभराची बाळंतीण. दुसऱ्या दिवशी मी चामोर्शीला, म्हणजे ती एकटीच वेचणार, पोर पाठीला बांधून. म्हटलं तिला साफ जमीन करून ठेवावी. दिवस कलल्यावर गेलो, पट्टा झाडला, जाळ लावला. पण दिवेलागणीला मास्तरांनी बोलावलं होतं, त्रैराशिकाची शेवटची उजळणी घ्यायला. मला त्रैराशिक येत नव्हतं. दसरूला यायचं. जाळ बसला होता, नुसता धुपत होता. मी त्यावर पायानं माती लोटली आणि पळालो.

एवढंच.

चामोर्शीच्या शाळेला कौलं होती. वऱ्हांड्यात आसपासच्या गावची चाळीसेक पोरं बसली होती. परीक्षा घ्यायला आलेले शाळाखात्याचे डिप्टी साहेब म्हणजे लांब कोट, हातात घड्याळ. शुद्धलेखन झालं, गणितं झाली. त्रैराशिकाचं एकच आलं आणि ते मला आलं. मग एकेकाला उभं करून तोंडी विचारायला लागले.

दसरू उभा राहिला. सगळ्यांत उंच तोच. आठव्या वर्षी शाळेत आला होता, कारण त्याआधी टोल्यात शाळेला जायची चाल नव्हती.

"जंगलापासून आपल्याला काय काय मिळतं?"

"मोह, चार, टेंभरं, डिंक, लाख, मध, बांबू, आवळा, हिरडा, बेहडा, कुड्याची साल, पळसाची पानं, दोरीले पळसाची मुळी, भाजीले कुड्याची फुलं, पावसाळ्यात वारुळावरच्या सात्या..."

"पुरे, पुरे!" डिप्टी साहेब हसले. "अरे, पुस्तकात इतकं नाही."

"पुस्तकात चारच नावं लिवले हाय, साहेब. तेबी सांगू का?"

सगळा वऱ्हांडा हसला. मास्तर खांबाला टेकून उभे होते, त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच म्हणाले, पाहिलंस?

मास्तरांचं सगळं ठरलेलं होतं. आम्ही दोघं पास झालो की जुलैपासून पाचवीला चामोर्शी. एकट्या पोराला बाहेरगावी कोणी ठेवत नाही, पण दोघं असले की एक रांधतो, एक लाकडं आणतो. देवळामागची एक खोली मास्तरांनी पाहूनही ठेवली होती. दसरूला मास्तर व्हायचं होतं. मला काय व्हायचं होतं ते मला माहीत नव्हतं. मला त्याच्यासोबत राहायचं होतं.

परीक्षा सुटली तेव्हा इतकं हलकं वाटलं की काय सांगू. पुढं सगळा उन्हाळा पडला होता. नदीचे डोह, रानातली चारं-टेंभरं, दुपारभर मासे. आणि तरी सारखं मनात येत होतं, की बोरहेटीच्या शाळेत आता आपण परत बसणार नाही. त्या कुडाच्या भिंतीला टेकून चार वर्षं बसलो होतो. परतताना मी दसरूला हे सांगितलं.

"रडून राह्यला का बे?" तो म्हणाला. "बायको हाय का शाळा तुयी?"

आम्ही हसत हसत नाला ओलांडला. वर चढलो आणि टेकडी दिसली.

सकाळची ती बारीक रेघ आता आडवी पसरली होती. मोहापासून वर, सरकारनं तोडीसाठी राखलेल्या बांबूच्या कुपापर्यंत. बांबूच्या गाठी फुटल्याचे आवाज येत होते, लग्नातल्या फटाक्यांसारखे. सगळं गाव हिरव्या फांद्या घेऊन वर होतं. आम्ही पिशव्या मास्तरांजवळ टाकल्या आणि धावलो. जंगू सगळ्यांच्या पुढं होता. त्याच्या भुवया जळल्या होत्या. त्यानं मला पाहिलं, हातातली फांदी माझ्या हाती दिली आणि स्वतःसाठी दुसरी तोडली.

"पेपर कसा गेला रे?" त्यानं विचारलं. त्या धुरात.

"चांगला गेला, जंगूकाका."

"बेस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाळ विझला. तिसऱ्या दिवशी सकाळी जंगलखात्याचा नाकेदार आला.

बापूजी पाटलाच्या अंगणात माणसं बसली होती. माझा बाप आदल्या दिवशीच मूलहून परतला होता, तोही होता. मी कुडाच्या मागं उभा. नाकेदार जळालेल्या जागेवर जाऊन आलेला. त्यानं खाटेवर बसून आधी पाणी घेतलं, चूळ भरली.

"जाळ मोहाखालून लागला," तो म्हणाला. "राखेवरून समजतं मले. नाल्याकडचं, दोन खोडांचं जे झाड हाय, त्याच्याखालून. कोनाचं झाड हाय ते?"

पाटील म्हणाला, "जंगूचं."

"जंगू कोन?"

जंगू उभा राहिला.

"झाड तुयं हाय?"

"हो जी. मायं हाय."

"चाल मंग."

झालं. इतक्याच वेळात झालं. जाळ कोणी लावला, हे त्यानं विचारलंच नाही. त्याच्या लेखी तो एकच प्रश्न होता. पाटलानं खोटं सांगितलं नाही, जंगूनंही नाही. झाड जंगूचंच होतं. तिथं बसलेल्या वीस माणसांपैकी निम्म्यांना माहीत होतं की यंदा त्याखाली लटारू वेचतो. लटारू, म्हणजे माझा बाप, खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

जंगूनं खांद्यावरचं फडकं डोक्याला गुंडाळलं. जाता जाता माझ्या बापाला म्हणाला, "लटारूभाऊ, बैल पानी पेले नाई आज. दसरूले सांगजो."

"सांगतो," बाप म्हणाला.

घरी आल्यावर मी मायला सांगितलं. ती पोरीला पाजत होती. मी म्हटलं, "माय, तो जाळ मी सोडून आल्तो." तिनं मोकळा हात माझ्या तोंडावर दाबला. इतका जोरात की ओठ दाताला लागला.

"कोनापाशी बोलला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"बोलू नोको."

बाप दारात उभा होता. त्यानं ऐकलं होतं. मला वाटलं मारेल. मारायला पाहिजे होतं. तो आत येऊन भिंतीशी बसला.

"मले त्यानं विचारलं नाई," तो म्हणाला. "झाडाचं विचारलं. मले विचारलं असतं त मी सांगितलं असतं."

मायनं पोरीला दुसऱ्या अंगावर घेतलं.

"सांगितलं असतं न, गुना," बाप मायकडे पाहून पुन्हा म्हणाला. "विचारलंच नाई त कसा सांगू?"

"कोन म्हनते तुमाले काही?" माय म्हणाली. "जेवून घ्या."

दुपारी मी मास्तरांकडे गेलो. शाळेला सुटी लागायला अजून वेळ होता, पण मोहाच्या दिवसांत शाळेत येतं कोण? मास्तर एकटेच बसून नकाशाला मागून फडकं चिकटवत होते. चांदा जिल्ह्याचा नकाशा. वैनगंगेच्या जागी फाटला होता. मी सगळं सांगितलं. त्रैराशिकाचंही सांगितलं.

मास्तरांनी चष्मा काढला. उपरण्यानं पुसला. मग म्हणाले, "अर्ज लिहू आपण."

त्यांनी कागद घेतला, वर श्री लिहिलं, तारीख घातली. 'मेहरबान साहेबांचे सेवेशी' इथपर्यंत लिहिलं. मग टाक तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"वारलू, तुझं वय किती?"

"दहा."

"मग तुला कोणी धरणार नाही. तुझ्या बापाला धरतील. जंगूला सोडतील आणि लटारूला नेतील. घरात महिन्याचं लेकरू आहे." ते थांबले. "लिहू पुढं?"

शाळेत शेणानं सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले होते. मी ते पाहत उभा राहिलो. मास्तरांनी मला घाई केली नाही. टाकातली शाई वाळली, त्यांनी परत बुडवला. परत वाळली.

मी लिहा म्हटलं नाही.

नको असंही म्हटलं नाही. नुसता उभा होतो. शेवटी त्यांनीच तो कागद उलटा केला आणि खळीचं बोट त्याला पुसलं. "जा घरी," म्हणाले. "तुझी चूक लहान आहे रे. पुढचं सगळं मोठ्यांनी केलेलं आहे." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. मला बरं वाटलं नाही.

चार दिवसांनी मी एकटा नाक्यावर गेलो. घरी सांगितलं डिंक आणायला जातो. रस्ताभर मी एक युक्ती शिजवत होतो. म्हणायचं, जाळ कोणी लावला नाही, वीज पडली. मग लक्षात आलं, चैत्रात आभाळ कोरडं ठाक होतं. मग ठरवलं खरंच सांगू, पण बापाचं नाव विचारलं तर सांगायचं नाही. असं कुठं होतं का! पण तेव्हा मला ते जमेल असं वाटत होतं.

नाकेदार खाटेची सुतळी ताणत होता. त्यानं मला तिचं एक टोक धरायला दिलं.

"बोल."

"तो जाळ जंगूकाकानं नाई लावला. मी लावला."

त्यानं सुतळी ओढली. "घट धर. तू कोन?"

"मी बोरहेटीचा."

"जंगूनं धाडलं?"

"नाई."

"मंग त्याच्या बायकोनं धाडलं असन." तो हसला. तसा वाईट माणूस वाटला नाही. "पाह्य बापू, कागद गेला गडचिरोलीले. साहेबापुढं तो हो म्हनला. तीन महिन्याची सजा झाली, चांद्याच्या जेलात नेलं त्याले काल. आता मी जाऊन सांगू का, साहेब, मी भलताच मानूस धरून आनला? माये लेकरं तुया घरी जेवाले धाडू?"

मी टोक धरून उभा होतो.

"सोड आता. झालं. पानी पे, मडक्यात हाय."

मी पाणी प्यालो. तहान लागली होती, काय करणार.

परतताना नदीवर दसरू भेटला. बैल धूत होता. जंगूला नेल्यापासून तो शाळेकडे फिरकलाच नव्हता आणि मी टोल्याकडे. मी पाण्यात उतरलो, दुसऱ्या बैलाची पाठ घासायला लागलो. मग बैलाच्या आडून बोललो. समोरून बोलायची हिंमत नव्हती.

"दसरू, तो जाळ..."

"मालूम हाय मले."

"कवापासून?"

"नाल्यातच समजलं होतं. तू कधी मायापुढं पळत नाई."

बैलानं शेपूट मारली. पाणी उडालं.

"मंग सांगितलं काऊन नाई बे? त्या दिवशी, नाकेदारापाशी?"

"येत होतो सांगाले. बाबानं घरीच हात धरला." दसरू बैलाच्या शिंगामागची घाण नखानं काढत होता. "म्हनला, झाड आपलं हाय. आपल्या झाडाखाली जे होईल ते आपलं. दुसऱ्याचं पोट्टं पुढं करून आपन मागं नाई राह्यचं. आमच्यात तसं नाई करत."

"मी सांगून आलो नाक्यावर. तो ऐकत नाई."

"कायले गेल्ता?" तो एकदम चिडला. "आता तुया बापालेबी नेतीन. मंग दोन्ही घरी नांगर कोन धरंन, तू? तुले बैल जुपता येते का?"

मला बैल जुपता येत नव्हते.

"मार न मले," मी म्हटलं. "मार एकडाव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खरंच विचार करत असावा. मग ओंजळभर पाणी घेऊन बैलाच्या डोळ्यांवर टाकलं.

"जा बे," तो म्हणाला. "घासायचं त नीट घास, नाई त जा."

मी नीट घासलं.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरूची माय, मंगलीकाकू, आमच्या अंगणात आली. डोक्यावर मोठं टोपलं. जंगूला नेल्यापासून आमच्यातलं कोणी त्या झाडाखाली गेलं नव्हतं. माय म्हणाली होती, कोणत्या तोंडानं जावं? झाड एका अंगानं भाजलं होतं, पण उरलेल्या अंगाची फुलं गळतच होती. ती मंगलीकाकूनं आणि दसरूनं वेचली होती, वाळवली होती. तिनं टोपलं उतरवलं. मनुकांसारखी लालसर, स्वच्छ फुलं. एक काडी नाही.

"निम्मे," ती म्हणाली. तिला मराठी थोडंच येत होतं.

"हे काय वो?" माय दचकली. "आमी त वेचलेबी नाई. आमाले नोको."

"झाड निम्म्यानं देल्लं न भाऊले. तो नाई घरी, पन बोलनं त त्याचं हाय."

"मंगलीबाई, आमाले देऊ नोको वो. पाया पडतो तुया."

मंगलीकाकूला कळेना की ही बाई रडते का आहे. ती दसरूच्या आजीच्या वयाची वाटत होती त्या दिवशी, इतकी वाळली होती. तिनं आमचं सूप घेतलं, फुलं त्यात ओतली, टोपलं उलटं करून झटकलं. मग पाळण्यात वाकून माझ्या बहिणीला पाहिलं, तिच्या हनुवटीला बोट लावलं. गोंडीत काहीतरी म्हणाली आणि निघून गेली.

बाप आत होता. तो बाहेर आला नाही.

ती फुलं आम्ही विकली नाहीत आणि खाल्लीही नाहीत. कोपऱ्यात ठेवली. माय रोज ती दुसरीकडे सरकवून सारवायची आणि परत तिथंच आणायची.

मग मला वरोऱ्याला मामाकडे पाठवलं. चार वर्षं मी त्यासाठी रडत होतो, आगगाडी पाहायला. यंदा न मागता पाठवलं. बापानं स्वतः मूलपर्यंत पोचवलं, वाटेत जिलबी घेऊन दिली. मी ती खाल्ली. मामाच्या घरामागूनच रूळ जायचे. दिवसातून किती वेळा गाडी यायची! मामाची पोरं मागून हाका मारायची आणि मी कुंपणाशी उभा राहून डबे पाहायचो. पहिल्या दिवशी मला फार मजा वाटली, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशीही वाटली. मग लक्षात यायला लागलं की मी ही गाडी मनातल्या मनात दसरूला सांगतोय. चाकं कशी, धूर कसा, इंजिनाचा माणूस काळाकुट्ट कसा. आणि मध्येच थांबायचो. चांद्याकडे जाणारी गाडी तीच होती. जंगूकाकाला हिनंच नेलं असेल का, असं मी मामीला विचारलं. मामी म्हणाली, कोण जंगूकाका?

निकालाच्या आधी परत आलो.

मे महिना लागला होता. मास्तर सुटीला त्यांच्या गावी निघायचे होते. शाळेसमोर बैलगाडी उभी होती, त्यावर त्यांची वळकटी, ट्रंक आणि घडी केलेला नकाशा. निकालाचा कागद चामोर्शीहून आदल्या दिवशी आला होता. पोरं दारात जमली होती. मास्तरांनी खाकरून वाचलं, जसं दर वर्षी वाचायचे तसंच, मोठ्यानं.

"इयत्ता चौथी. दसरू वल्द जंगू मडावी. पास. केंद्रात दुसरा."

कोणी उभं राहिलं नाही. मास्तर कागदावरून मान वर न करता थोडे थांबले. दर वर्षी थांबायचे, पोरानं येऊन पाया पडावं म्हणून.

"वारलू वल्द लटारू. पास."

मी गेलो. पाया पडलो. मास्तरांनी पाठीवर हात ठेवला आणि दोन दाखले माझ्या हाती दिले.

"त्याला नेऊन दे. आणि सांग, जुलैत खोली रिकामी असेल. मी बोलून ठेवलं आहे." मग जरा खाली आवाजात, "सांग तरी."

गाडी हलली. पोरं ओरडत नाल्यापर्यंत गाडीमागं पळाली. सुटी लागली होती. मी शाळेच्या दाराची कडी लावली आणि नदीकडे निघालो.

तेंदूपत्त्याची फडी, म्हणजे विडीची पानं वाळवायची जागा, नदीच्या वाळूवर होती. पहाटे जंगलातून तोडलेली पानं बायका घरी पुडे बांधून आणायच्या, आणि ते पुडे वाळूवर रांगांनी उन्हात मांडायचे. एक बाजू वाळली की पलटवायचे. दसरूला ठेकेदाराच्या मुनशीनं त्याच कामावर लावलं होतं. डोक्याला फडकं, कमरेला पंचा, बाकी उघडा. पाठ उन्हानं तांब्यासारखी झाली होती. वाळू इतकी तापली होती की तो एका पायावर फार वेळ उभा राहत नव्हता.

"कवा आला वरोऱ्याहून?" त्यानं विचारलं.

"काल."

"रेलगाडी पाह्यली?"

"हो."

"कशी हाय?"

"मोठी हाय," मी म्हटलं. एवढंच निघालं तोंडातून.

मी दाखला पुढं केला. त्यानं तळहात पंचाला पुसले, मागून पुसले, पुढून पुसले. मग कागद कडेनं धरला आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचायला लागला, वर्गात वाचायचा तसा. गावाचं नाव, शाळेचं नाव. दसरू वल्द जंगू मडावी. जात गोंड. राहणार बोरहेटी. वर्तणूक चांगली. खालची सहीसुद्धा लावून लावून वाचली. पुडे आणणाऱ्या दोन बायका डोक्यावरचं ओझं न उतरवता थांबून ऐकत होत्या.

"बाबाचं नाव बराबर लिवलं," तो म्हणाला.

"केंद्रात दुसरा आला तू."

"पैला कोन?"

"चामोर्शीचाच कोनी."

"असन." त्यानं कागदाचा मागचा भाग पाहिला. तिथं काही नव्हतं.

"मास्तर म्हनले, जुलैत खोली रिकामी हाय. बोलून ठेवलं त्यायनं."

"बाबा आखाडीनंतर येईल. तवापर्यंत पेरनं होऊन जाते सगळ्यायचं." तो अगदी हिशेबात बोलल्यासारखं बोलला, रागानं नाही. "तू जाजो. एकट्याले भेव लागते का?"

"हो."

"लागन सुरुवातीले."

"पुढच्या साली येशीन तू?"

तो हसला. मग मुनशीनं झाडाखालून हाक मारली, "ए मडावी! पोथी वाचून राह्यला का? वरची रांग करपून राह्यली!"

"आलो जी!"

त्यानं दाखल्याची घडी केली. दोनदा केली, बारीक. मग ती हातात धरून इकडं तिकडं पाहिलं. पंचाच्या गाठीत खोचून पाहिली. गाठ घामानं ओली होती. डोक्याच्या फडक्यात घालून पाहिली, तेही ओलंच. शेवटी त्यानं ती माझ्या हातात परत ठेवली.

"इथी कुठी ठेवू बे? तुयाजवळच राहू दे."

तो वरच्या रांगेकडे गेला. वाकून एकेक पुडा उचलायचा, पलटवून ठेवायचा. वरची बाजू करड्या रंगाची झाली होती, खालची अजून हिरवी. तो पुढं सरकत गेला आणि त्याच्यामागं रांग हिरवी होत गेली. मी रांग संपेपर्यंत तिथं उभा होतो. ती संपली तेव्हा तो दुसऱ्या रांगेला लागला.